रीळ खाऱ्या पाण्याचं, धुणं आपल्या विहिरीचं
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोकणातल्या खाड्यांमध्ये फ्लायने, म्हणजे पिसं आणि दोरा बांधून केलेल्या कृत्रिम आमिषाने, जिताडा आणि तांबोशी धरण्यावर लेख होता. त्यानंतर विदर्भातून आलेली बहुतेक पत्रं रिळाबद्दलच, म्हणजे गळाच्या काठीला बसणाऱ्या दोरी गुंडाळायच्या चाकाबद्दलच, आहेत. कुणी दर हिवाळ्यात देवगड-मालवणला जातं, कुणाच्या घरचं माणूस जहाजावर आहे, कुणी तेच रीळ घेऊन मामा (माजी मालगुजारी) तलावावर मरळीसाठी बसतं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी इटियाडोहच्या परिसरात आणि गावच्या मामा तलावात मरळ धरतो. वर्षातून एकदा कोकणात जाणं होतं. दोन्हीकडे चालेल असं एकच रीळ घ्यायचं आहे. काय बघून घेऊ? (एक वाचक, तालुका अर्जुनी मोरगाव)

उत्तर : एकच घ्या, पण ते समुद्र डोळ्यांपुढे ठेवून घ्या. खाडीसाठी घेतलेलं रीळ तलावात वापरल्याने बिघडत नाही. तलावासाठी घेतलेलं स्वस्तातलं रीळ मात्र खाडीच्या एकाच फेरीत कामातून जाऊ शकतं.

मरळीला रिळाचं काम तसं कमीच. ती कमळाच्या पानांखालून उसळून आमिष घेते आणि लगेच वेलींत शिरते. तिथे लाइन, म्हणजे गळाची दोरी, हाताने ओढूनच तिला बाहेर काढावं लागतं, आणि रीळ फक्त लाइन गुंडाळून ठेवतं. खाडीतला मोठा मासा उघड्या पाण्यात पळतो. तो पळत असताना लाइन एकसारख्या ताणाने सोडत राहणं हे रिळाचं काम, आणि ते करतो तो आतला ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात. म्हणून पैसे ड्रॅगवर घाला, रंगावर आणि नक्षीवर नको.

ड्रॅग दोन तऱ्हेचे असतात. एकात चकत्या उघड्या असतात. त्या बहुधा कॉर्कच्या किंवा कार्बनच्या. दुसऱ्यात चकत्या डबीत बंद करून रबरी रिंगेने सील केलेल्या असतात. उघडा ड्रॅग घरी खोलून साफ करता येतो, पण प्रत्येक वापरानंतर त्याच्याकडे बघावं लागतं. कॉर्कचा ड्रॅग आपल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सुकतो, वरून चकचकीत होतो आणि झटके देऊ लागतो. त्याला कंपनीने सांगितलेलं वंगण वेळोवेळी द्यावंच लागतं. वर्षातून एकदा समुद्रावर जाणाऱ्याने आणि बाकी काळ तलावाच्या गाळात वापरणाऱ्याने सीलबंद ड्रॅग घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. काळ्या मातीचं गढूळ पाणी उघड्या चकत्यांत गेलं की त्या घासतात.

धातू बघा. समुद्रासाठी ॲल्युमिनियमच्या अखंड गोळ्यातून लेथवर कोरलेलं आणि ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे वर कठीण संरक्षक थर चढवलेलं, रीळ हवं. वर्णनात ६०६१-टी६ असा आकडा दिसला तर तो याच कामासाठी वापरला जाणारा मिश्रधातू आहे. ओतीव धातूवर नुसता रंग मारलेलं रीळ तलावाला चालतं. खाडीत त्याचा रंग जिथे उडतो तिथून खड्डे पडायला लागतात.

मापाचं म्हणाल तर ८ नंबरच्या रॉडला, म्हणजे गळाच्या काठीला, बसणारं रीळ दोन्ही कामांना योग्य. मधला गाभा मोठा असलेलं, म्हणजे लार्ज आर्बर, निवडा. गुंडाळलेल्या लाइनचा व्यास १० सेंटीमीटर असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ३१ सेंटीमीटर लाइन आत येते. व्यास ५ सेंटीमीटरवर आला की तीच १६ सेंटीमीटर येते. मासा अचानक तुमच्याकडे धावला तर ढिली पडलेली लाइन भराभर गोळा करायला हा फरक कामी येतो. ३० मीटरच्या आसपासची फ्लाय लाइन आणि तिच्यामागे २० पौंडी डॅक्रॉन दोऱ्याचं १८० मीटर बॅकिंग, म्हणजे मागची राखीव दोरी, मावायला हवं. तेवढं भरूनही कडेला ५-६ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. तलावात इतकं बॅकिंग कधीच बाहेर जात नाही, पण गाभा भरून लाइनचा व्यास वाढतो म्हणून तिथेही ते उपयोगाचं.

दुकानात रीळ हातात आलं तर स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची फिरकी, काढून परत बसवून बघा. त्याला बाजूला हलवल्यावर लटलट नको. स्पूल आणि चौकट यांच्यातल्या फटीत दोरा शिरत नाही ना, हे कडेवर नख फिरवून तपासा. ड्रॅग मध्यम ठेवून लाइन अगदी हळू ओढा. सुरुवातीला अडकून मग सुटत असेल तर ते रीळ खाली ठेवा. आणि सुटे भाग मिळतात का, ते आधी विचारा. परदेशी रिळाची एक रबरी रिंग मागवायला महिना लागला तर त्या वर्षीची सहल गेलीच.

जाता जाता एक गोष्ट. मोठे जलाशय आणि मामा तलाव बहुतेक ठिकाणी मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यावर ढिवर बांधवांची पोटं अवलंबून आहेत. संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नका. तोतलाडोहसारख्या, व्याघ्र प्रकल्पात येणाऱ्या पाण्यात तर मासेमारीला बंदीच आहे. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांचा लालसर थवा राखत फिरताना दिसली तर तिच्यावर आमिष टाकू नका. तिला काढली की पिलांना राखण उरत नाही.

प्रश्न : मालवणहून आल्यावर मी रीळ रोज बोअरच्या पाण्याने धुतो, पुसतो, तरी स्क्रूभोवती पांढरं जमतं आणि हँडल करकरतं. आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. (एक शेतकरी वाचक, तालुका दर्यापूर)

उत्तर : तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल खारं. त्या पाण्याने रीळ धुणं म्हणजे समुद्राचं मीठ काढून जमिनीचं मीठ भरणं. पाणी उडून जातं, क्षार फटीत राहतात, आणि दर धुण्याला त्यांचा एक थर वाढतो.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं असं ते मानक म्हणतं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आता फिल्टर बसवणाऱ्या प्रत्येक कारागिराकडे असतो. त्याला बोअरचं पाणी मोजायला सांगा. आकडा ५०० च्या आत असेल तर निर्धास्त धुवा. त्याहून जास्त असेल तर पहिलं धुणं त्या पाण्याने झालं तरी शेवटचं धुणं गोड्या पाण्यानेच करा.

गोडं पाणी आपल्याकडे तीन-चार ठिकाणी सापडतं. पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यावर स्वच्छ पत्र्यावरून उतरलेलं पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. १० लिटरची एक कॅन झाकून अंधारात ठेवली तरी सहलीपुरती पुरते. आरओ मशीनचं शुद्ध पाणी चालतं. त्याच मशीनच्या दुसऱ्या नळीतून वाहून जाणारं पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. काहीच नसेल तर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर अर्धा लिटर आणून शेवटची धार द्या. दुकानात ॲसिडची बाटली शेजारीच ठेवलेली असते, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. कूलरच्या टाकीतलं पाणी चुकूनही वापरू नका. ते दिवसभर उडत असतं आणि मागे राहिलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात. कूलरचा झोतही ओलसर असतो, म्हणून त्यात रीळ वाळत ठेवणंही चुकीचं.

आता धुण्याची रीत. ती घरी पोचण्याची वाट बघत नाही. मालवणहून दर्यापूरला येईपर्यंत बॅगेत मीठ वाळून खडे होतात. मुक्कामाच्या ठिकाणीच, त्याच संध्याकाळी, पहिलं धुणं करा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरीही मचूळ असतात, म्हणून पाणी आधी जिभेवर घेऊन बघा.

रीळ आधी सावलीत थंड होऊ द्या. गाडीच्या डिक्कीतून निघालेलं तापलेलं रीळ थेट थंड बादलीत बुडवलं तर आतली गरम हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. सीलबंद ड्रॅगमध्ये पाणी शिरल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या काहींचं मूळ इथे असतं. मग ड्रॅगचं बटण हाताने पुरेल इतकं घट्ट करा, म्हणजे चकत्या एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांच्यात पाणी शिरत नाही. स्पूल काढा. कोमट पाण्याची हळू धार चौकटीवर, हँडलच्या मुळाशी, रिळाच्या पायावर आणि स्पूलच्या भोकांवर सोडा. गाडी धुण्याचा प्रेशर पंप किंवा फवारणीच्या पंपाची नोझल वापरू नका. जोराची धार मीठ सीलच्या आत ढकलते. वाळू चिकटली असेल तर मऊ टूथब्रश आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एक थेंब पुरे. कपड्यांची पावडर, सोडा, राख, चिंच यांपैकी काही नको. पितळेला जे चालतं त्याने ॲनोडाइझचा थर जातो.

इथपर्यंत बरेच जण करतात. राहतं ते बॅकिंग. डॅक्रॉन कापडासारखं पाणी धरून ठेवतं. मोठा मासा पळाला असेल किंवा बोटीत लाटा आल्या असतील, तर खारं पाणी आतल्या गुंडाळ्यांपर्यंत पोचतं आणि गाभा आतून खात राहतो. बाहेरून रीळ नवं दिसतं. म्हणून सहल संपल्यावर लाइन आणि बॅकिंग पूर्ण उलगडून बादलीत सैल वेटोळ्यांनी सोडा, १५-२० मिनिटं भिजवा, पाणी बदलून पुन्हा भिजवा. वाळवायला घरातली बाज आडवी करून तिच्या चार पायांभोवती गुंडाळा. सावलीत, वाऱ्याला, एक रात्र आणि एक दिवस. परत भरताना ओल्या सुती फडक्यातून बोटांच्या चिमटीत दाबत, ताणून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखं भरत या. सैल भरलं तर मासा ओढताना वरचा पदर खालच्या पदरात रुततो आणि लाइन तिथेच थांबते. मग तुटायचं ते टिपेट, म्हणजे आमिषाजवळचा बारीक दोरा, तुटतंच.

सगळं वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. दाबलेल्या चकत्या महिनोन् महिने तशाच राहिल्या की बसतात.

तुमचं सध्याचं पांढरं नक्की काय आहे तेही बघा. चुन्यासारखा पातळ पापुद्रा असेल तर तो क्षारांचा, ओल्या फडक्याने जातो. स्क्रूच्या कडेने भुकटी निघते आणि खाली खड्डा दिसतो, तर ॲल्युमिनियम कुजायला लागलं आहे. त्याचं पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझे दीर मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांनी दिलेलं चांगल्यातलं रीळ खताच्या खोलीत फळीवर ठेवलं होतं. आता त्याच्या पायाचा स्क्रू निघतच नाही आणि भोवती पांढरी भुकटी आहे. दुरुस्त होईल का? (एक वाचक भगिनी, तालुका आर्वी)

उत्तर : बहुतेक होईल, ताई. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसलेला असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारयुक्त ओल, अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याच्या भुकटीने स्क्रू आवळला जातो. खताच्या खोलीत ही ओल आपोआप तयार होते. युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि पोटॅश म्हणजे तर क्लोराइडच. शेजारी ब्लीचिंग पावडरचा डबा असेल तर आणखी वाईट.

भुकटी कोरड्या ब्रशने झाडा. स्क्रूच्या डोक्याशी गंज सोडवणारं पातळ तेल दोन थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायरने तो भाग हाताला सोसवेल इतकाच गरम करा. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा पेचकसच घ्या. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाब द्या आणि मग उलट फिरवा. नाही हलला तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा रात्र. पक्कड लावून डोकं गोल केलंत तर पुढे ड्रिल मारण्यावाचून इलाज नाही. निघाल्यावर आटे साफ करा आणि परत बसवताना आट्यांना मरीन ग्रीसचा बोट चोळल्यासारखा थर द्या.

पुढे रीळ कापडी पिशवीत, घरातल्या कपाटात ठेवा. त्याच्यासोबत आलेली रबराची जाड पिशवी प्रवासापुरती. तिच्यात ओल कोंडते. कीटकनाशकांच्या खोलीतही नको, कारण फवारणीच्या औषधांतली द्रावकं फ्लाय लाइनचं प्लास्टिक मऊ करतात.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत पहाटे रीळ दोन्ही दिशांना मोकळं फिरतं, ड्रॅग लागतच नाही. ऊन चढलं की ठीक होतं. मागच्या दिवाळीला ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं होतं. (एक वाचक, तालुका सिंदेवाही)

उत्तर : ते ग्रीसच काढायचं आहे. रिळात एक बेअरिंग असतं जे एकाच दिशेला फिरू देतं. त्यात बारीक रोलर असतात आणि उलट दिशेला ते उतरत्या खाचेत अडकून पकड घेतात. जाड ग्रीस थंडीत घट्ट होतं, रोलर त्यात तरंगत राहतात आणि पकड येत नाही. ऊन लागलं की ग्रीस पातळ होतं आणि रीळ सुधारल्यासारखं वाटतं.

स्पूल काढून बेअरिंग उघडं दिसत असेल तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, हलवून, दोन-तीनदा धुवा. वाळू द्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. बेअरिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. उलटं बसवलंत तर रीळ डाव्या हाताचं उजव्या हाताचं होईल. हात बदलायचा असेल तेव्हा बऱ्याच रिळांत हेच बेअरिंग मुद्दाम उलटं करतात, पण मग बॅकिंगही काढून उलट्या दिशेने भरावं लागतं, हे लक्षात असू द्या. बेअरिंग सीलबंद डबीच्या आत असेल तर डबी उघडू नका. पूर्ण डबीच बदलून मिळते का, ते विचारा.

प्रश्न : ड्रॅग किती घट्ट ठेवायचा? दुकानदार म्हणतो अंदाजाने ठेवा. (एक वाचक, तालुका पवनी)

उत्तर : अंदाज नको, पाण्याची बाटली घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रीळ खिडकीच्या गजाला बांधा, लाइन थेट रिळातून खाली सोडा आणि टोकाला भरलेली एक लिटरची बाटली लटकवा. ड्रॅग इतका ठेवा की बाटली अडकत-सुटत नव्हे, तर सलग आणि हळूहळू खाली उतरेल. बटणावर त्या जागी मार्करने खूण करा.

टिपेटच्या ताकदीच्या पाव भागावर ड्रॅग जाऊ नये. १६ पौंडी टिपेट सुमारे सव्वासात किलो ताण घेतं, म्हणजे हिशेबाने पावणेदोन किलोपर्यंत जाता येतं. आम्ही एक किलोवरच थांबायला सांगतो. लाइन बाहेर जाते तसा गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि तोच ड्रॅग जड होत जातो. व्यास १० सेंटीमीटरवरून ७ वर आला तर एक किलोचे जवळपास १.४ किलो होतात. पाण्यात ओढल्या जाणाऱ्या लांब लाइनचा ताण त्यावर वेगळा. मासा लांब गेल्यावर घाबरून ड्रॅग आवळणाऱ्यांची टिपेट याच हिशेबाने तुटतात. जास्त जोर लावायचाच असेल तर स्पूलच्या कडेला तळहात टेकवा. तो क्षणात काढता येतो.

प्रश्न : रिळाला खोबरेल तेल चालेल का? आणि घराघरांत मिळणारा निळ्या डब्यातला स्प्रे? (दोन वाचक)

उत्तर : खोबरेल नाही. ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. स्प्रे अडकलेला स्क्रू सोडवायला ठीक, पण वंगण म्हणून नाही. तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. हँडलला आणि मधल्या दांड्याला हलकं तेल एक-एक थेंब, रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. ड्रॅगच्या चकत्यांना मनाने काही लावू नका. काही कोरड्याच चालवायच्या असतात.

प्रश्न : मे महिन्यात लाइन चिकट होते आणि जानेवारीत स्प्रिंगसारखी वेटोळी राहते. दोष लाइनचा की रिळाचा? (एक वाचक, तालुका कुही)

उत्तर : दोष हवामानाचा आहे, आणि लाइन बहुधा दोन लागतील. थंड प्रदेशातल्या गोड्या पाण्यासाठी केलेली लाइन आपल्या ४५ अंशांत मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. समुद्रावर वापरायची ट्रॉपिकल लाइन उन्हाळ्यात छान चालते, मात्र १० अंशांच्या पहाटे ती तारेसारखी कडक होते. एकाच लाइनवर भागवायचं असेल तर ट्रॉपिकल ठेवा. थंडीत सुरुवात करण्याआधी ती दोघांनी मीटर-मीटर हातात धरून हलकेच ताणावी, वेटोळी जातात. डासांसाठी लावायच्या मलमात डीट असेल तर ते तळहाताला लागू देऊ नका, त्याने लाइनचा थर विरघळतो. चिकटपणा धुऊनही गेला नाही तर तेच कारण असण्याची शक्यता जास्त. तशी लाइन बदलावीच लागते.